पांढरा पट्टा, पिकलेले केस

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजाचे मत पक्के आहे. त्याने सभेच्या कार्यकारिणीवर बसावे, मुलांच्या लग्नाची काळजी करावी, सकाळी मैदानाला चार फेऱ्या माराव्यात आणि संध्याकाळी रक्तातल्या साखरेविषयी बोलावे. पहिल्या तीन गोष्टी टाळून केवळ चौथीच करणारेही पुष्कळ आहेत. पण अशा माणसाने पांढरा सदरा-पायजमा चढवून, कमरेला पट्टा बांधून, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत अनवाणी उभे राहून हवेत गुद्दे मारावेत, हे कोणाच्या कल्पनेत बसत नाही. आम्ही गेली सहा वर्षे, मंगळवारी आणि शुक्रवारी, नेमके हेच करीत आहोत.

सुरुवातीला शेजाऱ्यांनी काळजीने विचारले, "कोणाशी भांडण झाले आहे काय?" एका भाच्याने लग्नाच्या मांडवात सर्वांसमक्ष हात जोडले आणि म्हणाला, "मामा, ह्या वयात ब्रूस ली?" ब्रूस ली कराटेचा नव्हे, हे आम्ही त्याला समजावून सांगितले, पण तोवर सगळी पंगत हसत होती. वाचकहो, हसणाऱ्यांवर आमचा राग नाही. आजच्या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत की आम्ही तिथे का गेलो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, का टिकलो.

गेलो ते डॉक्टरांमुळे. आपल्या बेटावर दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. पन्नासाव्या वर्षी त्या पाचांतले एक आम्ही ठरलो. डॉक्टरांनी अलूदा बंद केला, फराता मोजून दिला आणि म्हणाले, "चाला, घाम गाळा. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात." चालायला आम्ही निघालो, पण वाक्वाकडचा जुलै महिना आपणांस ठाऊक आहे. झिमझिम पाऊस, बोचरी थंडी, आणि घरी बसण्यास रोज एक नवे कारण. त्याच सुमारास आमची धाकटी मुलगी नऊ वर्षांची होती आणि विलेज हॉलमध्ये कराटे शिकू लागली होती. तिला सोडून आम्ही दीड तास मोटारीत बसून रेडिओ ऐकत असू. एके दिवशी तिच्या शिक्षकांनी काचेवर टकटक केली आणि क्रेओलमध्ये म्हणाले, "मस्ये, बाहेर बसायचे पैसे मी घेत नाही, पण आत उभे राहायचेही जास्त घेत नाही."

ह्या शिक्षकांना सर्वजण 'सेन्सेई' म्हणतात. ह्या जपानी शब्दाचा सरळ अर्थ 'आधी जन्मलेला' असा आहे. आमचे सेन्सेई आमच्याहून नऊ वर्षांनी धाकटे आहेत. पण त्या लाकडी फरशीवर ते आमच्या वीस वर्षे आधी जन्मले, आणि तिथे तेवढेच मोजतात.

पहिला महिना मूठ वळण्यात गेला. आपणांस वाटेल, मूठ काय वळायची? आधी चारही बोटांची टोके तळव्यात घट्ट दुमडायची, मग अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा दाबायचा. अंगठा आत राहिला तर पहिल्याच ठोशाला तो आपलाच मोडेल. मार लागायचा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांनी, मनगट मात्र सरळ रेषेत. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा तितक्याच जोराने कमरेकडे खेचायचा. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला, पाठ ताठ. हे सर्व एकाच वेळी, आणि वर श्वास घ्यायचेही विसरायचे नाही! पोरे आठवड्यात शिकली. आम्हांला ह्या एका पवित्र्यासाठी चार महिने लागले, आणि पहिले तीन आठवडे जिना उतरताना आम्ही कठड्याला धरून देवाचे नाव घेत होतो.

रांगेत उभे राहण्याचाही नियम आहे. पट्ट्याच्या क्रमाने उभे राहायचे. वयाला, पगाराला, सभेतल्या पदाला तिथे किंमत नाही. धाकटीला तेव्हा पिवळा पट्टा मिळालेला होता आणि आमचा पांढरा. म्हणजे ती वरच्या टोकाला, आम्ही शेवटी. आमच्या घरात गणपतीच्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचे असते. इथे बाप लेकीसमोर वाकून नमस्कार करतो, आणि ती गंभीर चेहऱ्याने परत वाकते. पहिल्या दिवशी आम्हांला ओशाळल्यासारखे झाले. महिन्याभराने त्यात एक सुख सापडले. दिवसभर कचेरीत 'साहेब' म्हणवून घेणाऱ्या माणसाला दीड तास कोणीही काहीही विचारीत नाही, ही फार मोठी विश्रांती आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कराटेत आकडे जपानी भाषेत मोजतात. इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, ज्यू. दर आकड्याला एक ठोसा. धाकटी हे झोपेतही म्हणू शकते. ती अकरा वर्षांची असताना एका शुक्रवारी सेन्सेईंना लहर आली. ते म्हणाले, "आज जपानी नको. प्रत्येकाने पुढे येऊन आपल्या आजीच्या भाषेत दहापर्यंत मोजायचे. बाकीचे त्यावर ठोसे मारतील." एका मुलाने तमिळमध्ये खणखणीत मोजले. एकाने भोजपुरीत मोजले आणि सगळे हसले, तोही हसला. एका मुलीची आजी हाक्का बोलणारी होती. तिने चिनी आकडे हळू आवाजात, पण न चुकता म्हटले. मग आमची लेक पुढे आली. "एक! दोन! तीन! चार! पाच!" आणि मग ती थांबली.

वीस-पंचवीस मुठी कमरेला लावून तयार होत्या. ती छताकडे पाहत होती. आम्ही रांगेच्या शेवटी उभे होतो, आणि 'सहा' हा शब्द आमच्या ओठांवर येऊन बसला होता. पण तिथे कनिष्ठाने वरिष्ठाला सुचवायचे नसते. दहा सेकंद गेले असतील. मग ती एकदम ओरडली, "रोकु!" आणि पुढचे चारही आकडे जपानीत पुरे केले. कोणाला काही वाटले नाही. सराव पुढे चालू झाला.

घरी परतताना मोटारीत ती बराच वेळ गप्प होती. मग क्रेओलमध्ये म्हणाली, "पापा, पाचनंतर मला सगळे जपानीच आठवते. आजीला सांगू नका."

ही मुलगी शाळेत मराठी शिकलेली आहे. तिच्या वहीत आकडे नीट लिहिलेले आहेत, गुणही चांगले आहेत. मग जपानीतले आकडे जिभेवर का चढले आणि मराठीतले का नाहीत? उत्तर आम्हांला त्या रात्री सुचले नाही. ते सेन्सेईंनी नकळत दिले, काही आठवड्यांनी, कराटेची कुळकथा सांगताना.

कराटे जपानचे असे आपण म्हणतो, पण मूळ ते ओकिनावाचे आहे. जपान आणि तैवान यांच्या मधोमध असलेल्या त्या बेटावर ऊस पिकतो, वादळे येतात, आणि लोक नशीब काढायला परदेशी जातात. १९०० साली तिथल्या मजुरांची पहिली तुकडी हवाईच्या उसाच्या मळ्यांत पोचली. रत्नागिरी-सावंतवाडीकडून निघून मुंबई बंदरातून इथल्या उसाच्या मळ्यांत आलेल्या आपल्या पूर्वजांची गोष्ट त्याहून जुनी, पण तीच. पूर्वी ओकिनावा हे र्‍युक्यू नावाचे वेगळे राज्य होते. १८७९ साली जपानने ते खालसा करून आपला जिल्हा बनवले. पुढे तिथल्या शाळांत एक प्रथा पडली. जे मूल बेटावरची आपली बोली बोलेल, त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची. दुसरे कोणी बोलताना सापडेपर्यंत ती पहिल्याने वागवायची. अशाने दोन-तीन पिढ्यांत घरची भाषा घरातूनच नाहीशी होऊ लागली. आज ओकिनावाची बोली युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या यादीत आहे.

आणि त्याच शाळांत, विसाव्या शतकाच्या आरंभी, इतोसु आन्को नावाच्या वृद्ध गुरूंनी कराटे नेले. पूर्वी ही विद्या गुपचूप, रात्रीच्या वेळी शिकवली जाई. इतोसुंनी मुलांना झेपतील असे पाच 'काता' रचले. 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. समोर प्रतिस्पर्धी नसतो, तो आहे असे मानायचे. त्यांतला आम्ही शिकलो तो पहिला काता एकवीस हालचालींचा आहे आणि जिथे सुरू होतो तिथेच संपतो. इतोसुंचे एक शिष्य फुनाकोशी गिचिन हे शाळामास्तर होते. लहानपणी फार अशक्त, म्हणून ही विद्या शिकू लागलेले. १९२२ साली त्यांनी टोकियोत प्रयोग करून दाखवला, आणि ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावले. रंगीत पट्ट्यांची कल्पना मूळ ज्युदोची, ती कराटेने उचलली. म्हणजे व्यायामासाठी, तब्येतीसाठी, हौसेसाठी कराटे शिकणे हे आमच्यासारख्यांनी काढलेले खूळ नव्हे. ते पहिल्यापासून आहे.

१९४५ साली ओकिनावावर महायुद्धातली भीषण लढाई झाली. बेटावरची हजारो माणसे मेली, घरे जळली, जुने कागद जळले. कराटेचे नामांकित गुरू क्यान चोतोकू त्याच वर्षी, लढाईनंतरच्या उपासमारीत गेले. पण काता राहिले. कारण ते कागदावर नव्हतेच. शिष्यांच्या हातापायांत होते. काही हालचालींचा मूळ अर्थ काय, यावर आजही गुरूगुरूंत वाद आहेत. अर्थ पुसट झाला तरी हालचाल कोणी सोडली नाही, म्हणून तो शोधता तरी येतो.

हे ऐकून आम्ही घरी आलो आणि मागच्या अंगणात त्या पहिल्या कात्याचा सराव करीत होतो. आमची आई ओसरीवर बसून पाहत होती. वय ब्याऐंशी, डोळे अजून तल्लख. पाय आपटून वळलो तेव्हा ती म्हणाली, "हे झाकरीगत दिसतं. पण ह्याचं गाणं कुठं आहे?"

आम्ही थबकलो. गणपतीत घुंगरू बांधून, ढोलकीच्या ठेक्यावर गोल धरून जी झाकरी आपण नाचतो, ती कोकणातल्या जाखडीचीच मुलगी. तिच्या गाण्यांतले कित्येक शब्द आज इथे गाणाऱ्यालाही उलगडत नाहीत. पण पाय कुठे पडायचा, गिरकी कधी घ्यायची, हे बिनचूक ठाऊक असते, कारण बापाचा पाय मुलाने पाहिलेला असतो. वहीतली मराठी वहीत राहिली. पायातली झाकरी दीड शतक टिकली. धाकटीच्या आकड्यांचे कोडे तिथे सुटले. जपानी आकडे तिने पाठ केलेच नव्हते. ते तिने ठोशाठोशाने अंगात उतरवले होते. मराठी आकड्यांसाठी तिच्या अंगाने कधी काही केलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम सुरू झाला. रात्री जेवणाआधी तीस बैठका, आणि मोजणी मराठीत. मोजायचे आजीने. पहिल्या आठवड्यात धाकटी नुसती बैठका काढी. दुसऱ्या आठवड्यात ती आजीबरोबर पुटपुटू लागली. मग आजीला खोकला झाला, आणि एका रात्री तिने हात हलवून खूण केली, 'तूच मोज.' तीस झाले. पुढे पन्नास झाले. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांनी फार त्रास दिला. तो प्रत्येक मराठी मुलाला होतो, मग तो पुण्याचा असो की कास्कावेलचा. वर्षभरात ती शंभरापर्यंत पोचली. मांड्यांची तक्रार तिने पुष्कळ केली, आकड्यांची एकदाही केली नाही.

काही वाचक विचारतील, आणि आमच्या एका मित्राने विचारलेही, की परक्यांची विद्या कशाला? आपली कुस्ती काय वाईट? मल्लखांब काय वाईट? मुळीच नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम दाखवून आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्या गावात तांबड्या मातीचा हौद आणि वस्ताद असता, तर आम्ही लंगोट कसला असता. पण आमच्या गावात आहे तो विलेज हॉल आणि त्यात मंगळवार-शुक्रवारचे सेन्सेई. जे दाराशी आहे ते शिकावे. आणि आमच्यापुरते म्हणाल तर, परक्या बेटाच्या विद्येनेच आम्हांला आजीची मोजणी परत मिळवून दिली.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ह्याचा उपयोग काय, चोर आला तर मारता येईल का? खरे सांगायचे तर, आमच्या वयाच्या माणसाने चाकू पाहिल्यावर पाकीट द्यावे आणि पळावे, हेच सेन्सेईही शिकवतात. सहा वर्षांत आम्ही वर्गाबाहेर कोणावर हात उगारलेला नाही. बदल झाला तो दुसरीकडे. पूर्वी बसच्या रांगेत कोणी धक्का मारून पुढे घुसला की आमचे कान तापत. आता हात आपोआप कमरेकडे जातो, श्वास खाली उतरतो, आणि तोवर बस आलेली असते.

साखरेचे काय झाले, हेही विचाराल. ती आटोक्यात आहे; गोळ्या बंद झालेल्या नाहीत, आणि व्यायामाने त्या बंद होतात असे आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्यांना हौस वाटेल त्यांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आधी डॉक्टरांना विचारा, हृदय आणि डोळे तपासून घ्या. सराव अनवाणी असतो, आणि मधुमेही माणसाला पायाची जखम पुष्कळदा कळत नाही; म्हणून घरी आल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या रोज दिव्याखाली पाहा. साखर खाली आणणारी औषधे किंवा इन्सुलिन घेत असाल तर पिशवीत गोड बिस्किटे ठेवा. गुडघा दुखला तर पवित्रा उंच ठेवा; कमी वाकल्याने कोणी पट्टा काढून घेत नाही. आणि मुलांची बरोबरी करू नका. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कात्याचे सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेस यांनी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी जिंकले, हे मात्र भाच्यांना सांगायला लक्षात ठेवा. पुरुषांचे सुवर्ण मिळाले ओकिनावाच्या कियुना र्‍यो यांना. त्या बेटाच्या माणसाने जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. पदक घेताना त्यांच्या हातात दिवंगत आईचे छायाचित्र होते. त्या दिवशी आमच्या आईने टेलिव्हिजनसमोर बसून दोनदा विचारले, "हा त्या उसाच्या बेटाचा ना?"

आता धाकटी पंधरा वर्षांची आहे. तिचा पट्टा निळा, आमचा हिरवा. पुढे एस.सी.ची परीक्षा आहे, आणि मंगळवारी गणिताची ट्यूशन, शुक्रवारी फ्रेंचची. गेल्या महिन्यात तिने विचारले, "पापा, मी कराटे थोडे दिवस बंद करू का?" आम्हांला 'नको' म्हणावेसे वाटले. परीक्षेपायी एकेक गोष्ट सोडत गेलेली पोरे परत वळताना आम्ही फारशी पाहिलेली नाहीत. ढोलकी अशीच सुटते, मराठीचा संध्याकाळचा वर्ग असाच सुटतो. पण ओढून आणलेल्या मुलाच्या अंगात काही उतरत नाही, हेही त्याच फरशीवर शिकलो. आम्ही म्हणालो, "बंद कर. रात्रीच्या बैठका मात्र ठेव." तिने थोडा विचार केला आणि वीसवर तडजोड मागितली. शेवटी पंचवीसवर ठरले.

म्हणून सध्या आम्ही एकटेच जातो. तिची जागा रांगेत रिकामी आहे. एक पायरी वर सरकायला सेन्सेईंनी सांगितले, आणि आम्ही सरकलो. आपल्या गावच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी दिवा दिसला, आणि आत पिकलेल्या केसांचा एखादा माणूस पोरांबरोबर ओरडताना ऐकू आला, तर मोटारीत बसून रेडिओ ऐकू नका. जोडे दाराशी काढा आणि आत या. आणि घरी गेल्यावर नातवंडांना बैठका काढायला लावा, मोजणी आजीकडे द्या. आजी दमली की ती कोणाकडे द्यायची, हे तिला बरोबर समजते.